प्रौढांची अन्न-अॅलर्जी आणि लेबलावर न उमटणारे शब्द

पाकिटबंद अन्नावरील लेबल कसे असावे, हा विषय गेली काही वर्षे देशात सातत्याने चर्चेत आहे. जुलै २०२४ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने साखर, मीठ आणि संपृक्त चरबी यांचे प्रमाण ठळक व मोठ्या अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाकिटाच्या दर्शनी भागावरील इशाऱ्यांबाबत तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी सादर करण्यास सांगितले. मधुमेह, रक्तदाब आणि स्थूलता यांचा वाढता विळखा पाहता ही चर्चा आवश्यकच आहे. मात्र तिच्यात एक वर्ग जवळपास अदृश्य राहिला आहे. हा वर्ग आहे अन्नाची अॅलर्जी असणाऱ्या प्रौढांचा. साखरेचे दुष्परिणाम दिसायला वर्षे लागतात. अॅलर्जी असणाऱ्याच्या बाबतीत चुकीचा एक घास काही मिनिटांत श्वास कोंडू शकतो. लेबलावरील मजकूर ज्यांच्यासाठी खऱ्या अर्थाने जीवनमरणाचा आहे, असे वाचक हेच.

अन्नाची अॅलर्जी हा लहान मुलांचा आजार आहे, असा समज सार्वत्रिक आहे. तो अर्धवट खरा आहे. दूध आणि अंडी यांची अॅलर्जी बालपणी सुरू होते व पुष्कळ मुलांमध्ये वाढत्या वयाबरोबर ओसरते. कोळंबी, खेकडे, काजू किंवा मासे यांची अॅलर्जी मात्र मोठेपणी उद्भवू शकते आणि एकदा जडली की सहसा जात नाही. अमेरिकेत ४० हजारांहून अधिक प्रौढांच्या सर्वेक्षणावर आधारित अभ्यास जानेवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १०.८ टक्के प्रौढांमध्ये अन्न-अॅलर्जीची खात्रीलायक लक्षणे आढळली. त्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना किमान एका पदार्थाची अॅलर्जी प्रौढ वयात जडली होती. सर्वाधिक प्रमाण होते ते कवचधारी जलचरांच्या अॅलर्जीचे, २.९ टक्के. दूध, शेंगदाणे आणि काजू-बदामांसारखा सुकामेवा त्यानंतर येत होते.

भारताचे चित्र वेगळे आहे आणि त्याचा पुरावा गोव्याच्या शेजारीच सापडतो. कर्नाटकात बंगळुरू आणि म्हैसूर येथे युरोपीय संशोधन प्रकल्पाचा भाग म्हणून प्रौढांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्यांपैकी सुमारे २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध प्रतिपिंडे आढळली. प्रत्यक्ष लक्षणे आणि चाचणी यांचा मेळ बसेल अशी संभाव्य अॅलर्जी मात्र १.२ टक्के लोकांनाच होती. टक्केवारी लहान दिसते, पण सव्वाशे कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशात ती लक्षावधी माणसांची संख्या होते.

या दोन आकड्यांमधील अंतर बरेच काही सांगून जाते. रक्तचाचणीत एखाद्या अन्नाचे नाव आले म्हणजे त्या अन्नाची अॅलर्जी आहेच असे नाही. प्रयोगशाळांच्या जाहिरातींतून ‘अॅलर्जी प्रोफाइल’ म्हणून शंभरेक पदार्थांची चाचणी विकली जाते, अहवालात वीस-पंचवीस पदार्थ लाल रंगात येतात आणि माणूस गहू, दूध, डाळी, वांगी सारे सोडून बसतो. दुसऱ्या टोकाला, कोळंबी खाल्ल्यावर ओठ सुजतात हे अनुभवूनही ‘उष्ण पडले’ म्हणून दुर्लक्ष करणारेही पुष्कळ असतात. पहिल्याला लेबल वाचण्याची गरज नसते आणि दुसऱ्याला ती आहे हेच ठाऊक नसते. त्यामुळे लेबलाच्या उपयोगाची सुरुवात दुकानात होत नाही, ती योग्य निदानापासून होते.

किनारपट्टीचे दुखणे

कोळंबी, खेकडे आणि शेवंड यांच्या अॅलर्जीमागे प्रामुख्याने ट्रोपोमायोसिन हे प्रथिन असते. ते उष्णतेने नष्ट होत नाही. म्हणूनच हुमण कितीही वेळ उकळले तरी त्यातील धोका जात नाही, आणि तुकडे बाजूला काढून नुसता रस्सा खाल्ल्यानेही फरक पडत नाही. या प्रथिनाशी साधर्म्य असणारे प्रथिन घरातील धुळीतल्या सूक्ष्म किडींमध्ये आणि झुरळांमध्येही असते. दमट हवेत या किडी फोफावतात. वर्षानुवर्षे श्वासावाटे त्यांच्याशी संपर्क आल्याने शरीर आधी किडींविरुद्ध आणि मग कोळंबीविरुद्ध सज्ज होते, असे तज्ज्ञ मानतात. चाळीस वर्षे सुंगटे आवडीने खाणाऱ्याला अचानक त्रास का सुरू होतो, याचे एक उत्तर येथे मिळते.

गोव्यातील आहारात या प्रथिनाच्या वाटा अनेक आहेत. सुकी सुंगटे कोशिंबिरीत दिसतात, म्हणून टाळता येतात. बलचावच्या मसाल्यात मात्र सुक्या कोळंबीची पूड परंपरेने मिसळली जाते. ती डोळ्यांना दिसत नाही. काजूचेही तसेच. काजूगर उसळीत ओळखू येतात, पण उपाहारगृहातील दाट, पांढऱ्या किंवा केशरी रश्श्याचा आधार बहुधा काजूची पेस्ट असते. काजू आणि पिस्ता यांची प्रथिने परस्परांशी इतकी जुळतात की एकाची अॅलर्जी असणाऱ्याला दुसऱ्याचाही धोका असतो. काजूची फेणी ही बोंडूच्या रसापासून ऊर्ध्वपातनाने तयार होते, गरांपासून नव्हे. त्यामुळे तिचा प्रश्न निराळा आहे.

अॅलर्जी म्हणून ओळखले जाणारे सारेच काही अॅलर्जी नसते, हेही लक्षात ठेवावे लागते. बांगडा किंवा ट्यूना बर्फात नीट न ठेवल्यास त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होते. असा मासा खाल्ल्यावर चेहरा लाल होणे, खाज, डोकेदुखी ही लक्षणे दिसतात आणि शिजवूनही हिस्टामिन नष्ट होत नाही. एकाच ताटातले तिघे-चौघे एकदम आजारी पडले, तर दोष त्यांच्या शरीराचा नसून शीतसाखळीचा असण्याची शक्यता अधिक. दुधाने पोट बिघडणे हे प्रौढांमध्ये बहुतेक वेळा लॅक्टोज न पचण्याचे लक्षण असते. सीलिअॅक हा गव्हातील ग्लूटेनमुळे आतड्याला इजा करणारा आजार तर वेगळाच आहे. या प्रत्येकाला लेबलातून हवी असलेली माहिती वेगळी असते.

नियम काय सांगतो

अन्न सुरक्षा व मानके (लेबलिंग आणि प्रदर्शन) विनियम, २०२० मध्ये अॅलर्जीजनक घटकांच्या घोषणेची स्वतंत्र तरतूद आहे. ग्लूटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि किलोमागे १० मिलिग्रॅम वा त्याहून अधिक प्रमाणातील सल्फाइट यांची नावे ‘यात आहे’ अशा शीर्षकाखाली छापणे बंधनकारक आहे. उत्पादनादरम्यान दुसऱ्या पदार्थाचा संसर्ग होण्याची शक्यता असेल तर ‘यात असू शकते’ असे नमूद करण्याची तरतूद आहे. सल्फाइटचा उल्लेख किनारपट्टीसाठी विशेष महत्त्वाचा आहे, कारण कोळंबीवर काळे डाग पडू नयेत म्हणून सोडियम मेटाबायसल्फाइट वापरले जाते. दम्याच्या काही रुग्णांना कोळंबीऐवजी त्या रसायनाचाच त्रास होतो.

ही तरतूद उपयुक्त आहे. व्हे, केसीन किंवा अल्ब्युमिन अशा शब्दांचा अर्थ ठाऊक नसलेल्या ग्राहकालाही ‘दूध’ किंवा ‘अंडे’ हा साधा शब्द वाचता येतो. तरीही तिच्यात काही मोठ्या फटी आहेत.

पहिली फट यादीतच आहे. मोहरी आणि तीळ भारतीय यादीत नाहीत. युरोपीय संघाच्या १४ घटकांच्या यादीत दोन्ही आहेत. कॅनडातही मोहरीचा उल्लेख सक्तीचा आहे. अमेरिकेने १ जानेवारी २०२३ पासून तिळाला नववा प्रमुख अॅलर्जीजनक घटक ठरवले. जागतिक अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनेही जागतिक प्राधान्याच्या यादीत तिळाची शिफारस केली आहे. फोडणीपासून लोणच्यापर्यंत मोहरी आणि चटणीपासून संक्रांतीच्या लाडवापर्यंत तीळ वापरणाऱ्या देशाच्या यादीत हे दोन्ही पदार्थ नसावेत, ही विसंगती ठळक आहे.

गोव्याच्या दृष्टीने तिसरी अनुपस्थितीही तितकीच बोचरी आहे. यादीतील ‘कवचधारी जलचर’ या शब्दात कोळंबी, खेकडे, शेवंड येतात. तिसऱ्या, शिणाणे, कालवे आणि माणकी हे मृदुकाय वर्गातील जीव त्यात मोडत नाहीत. युरोपच्या यादीत त्यांची स्वतंत्र नोंद आहे.

दुसरी फट घटकांच्या यादीत आहे. नियमानुसार मसाल्यांची नावे स्वतंत्र न देता ‘मसाले’ असा एकच वर्गवाचक शब्द चालतो. शिवाय एखादा संयुक्त घटक एकूण पदार्थाच्या पाच टक्क्यांहून कमी असेल, तर त्यातील उपघटक उलगडून सांगण्याची सक्ती नाही. अधिकृत यादीतील अॅलर्जीजनक घटकांची घोषणा तरीही करावी लागते. पण मोहरी आणि तीळ त्या यादीतच नसल्याने, मोहरीची अॅलर्जी असलेला माणूस संपूर्ण लेबल काळजीपूर्वक वाचूनही अंधारातच राहू शकतो. वाचकाने आपले कर्तव्य पार पाडले, उत्पादकाने नियम पाळला आणि तरीही माहिती पोहोचली नाही, अशी ही स्थिती आहे.

तिसरी फट आकाराची. १०० चौरस सेंटिमीटरहून अधिक पृष्ठभाग नसलेल्या लहान पाकिटांना घटकांची यादी छापण्यातून सूट आहे. ती माहिती घाऊक वा एकत्रित वेष्टनावर द्यायची असते. गाड्यावर पाच रुपयांचे पाकीट सुटे घेणाऱ्याच्या हाती ते मोठे वेष्टन कधीच येत नाही.

चौथी फट भाषेची. लेबल इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतील हिंदीत असावे, एवढीच सक्ती आहे; अन्य भाषा ऐच्छिक आहेत. कोकणी राजभाषा असलेल्या आणि मराठीचा शासकीय वापर कायद्याने मान्य असलेल्या या राज्यात बहुतांश पाकिटे केवळ इंग्रजीत बोलतात. ज्येष्ठ नागरिकाला बारीक अक्षरातील इंग्रजी वाचता आले नाही, तर घोषणा कायदेशीर असूनही निरुपयोगी ठरते.

‘असू शकते’चा अर्थ काय?

प्रौढ ग्राहक लेबल कसे वापरतात, याचे उत्तर केवळ नियमात मिळत नाही, सवयींतही शोधावे लागते. अमेरिका आणि कॅनडात अॅलर्जीग्रस्त व त्यांची काळजी घेणारे अशा सुमारे ६,७०० जणांची पाहणी झाली होती. ‘यात असू शकते’ असे लिहिलेला पदार्थ सुमारे ११ टक्के लोक विकत घेत होते. ‘ज्या कारखान्यात शेंगदाण्यांवरही प्रक्रिया होते तेथे तयार केलेले’ असे शब्द असले की हेच प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवर जात होते. धोका मात्र शब्दांनुसार बदलत नाही. ग्राहक शब्दांची धार पाहून धोक्याचे मोजमाप करतो. उत्पादक बहुधा कायदेशीर बचाव म्हणून शब्द निवडतो. एकाच वाक्याचे दोन अर्थ लावले जातात आणि त्यांच्या मधल्या जागेत अपघात घडतो.

ही इशारेवजा वाक्ये सरसकट छापली गेली की त्यांचा परिणामही बोथट होतो. प्रत्येक बिस्किटावर आणि चिवड्यावर ‘असू शकते’ असेल, तर ग्राहक एक तर सारेच सोडतो किंवा सारेच खातो. यावर उपाय म्हणून संयुक्त तज्ज्ञ समितीने प्रमाणाधारित मर्यादा सुचवल्या आहेत. काजूच्या बाबतीत १ मिलिग्रॅम, शेंगदाण्याच्या बाबतीत २ मिलिग्रॅम आणि कोळंबीच्या बाबतीत २०० मिलिग्रॅम प्रथिन हे संदर्भमान धरावे, अशी ती शिफारस आहे. संसर्ग त्याहून अधिक होण्याची शक्यता असेल तरच इशारा द्यावा, हा तिचा गाभा. काजू-प्रक्रिया हा जुना उद्योग असलेल्या राज्याने यातील पहिला आकडा विशेष ध्यानात घ्यावा.

भारतीय ग्राहकाची आणखी एक सवय म्हणजे हिरवा ठिपका पाहून निर्धास्त होणे. हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो. दूध, शेंगदाणे, काजू, गहू, सोयाबीन हे सारे त्या ठिपक्याखाली सुखेनैव नांदतात. ‘व्हीगन’ चिन्हही प्राणिजन्य घटक वापरलेले नाहीत एवढेच दर्शवते. कारखान्यातील दुधाच्या अंशाची हमी त्यातून गृहीत धरणे धोक्याचे आहे. बाजारातील हिंगाच्या डबीत बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, हे सीलिअॅकच्या रुग्णाला सांगावे लागते. ‘खपली’ हाही गहूच आहे. ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणण्यासाठी ग्लूटेनचे प्रमाण किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे लागते, आणि ‘आरोग्यदायी’ किंवा ‘पारंपरिक’ या विशेषणांचा त्या निकषाशी काहीही संबंध नाही.

लेबलाबाहेरचे ताट

या साऱ्या चर्चेला एक मर्यादा आहे. माणसाच्या ताटातील मोठा भाग लेबलाशिवाय येतो. बेकरीतील पाव, मिठाईच्या दुकानातील बर्फी, जत्रेतील खाजे, लग्नाची पंगत, किनाऱ्यावरील शॅक यांपैकी कशावरही घटकांची यादी नसते. मेनूवर अॅलर्जीजनक घटकांची माहिती देण्याची सक्ती केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या आस्थापनांपुरती आहे. गोव्यातील बहुसंख्य खानावळी आणि शॅक तिच्या कक्षेबाहेर राहतात.

ब्रिटनमध्ये ही पोकळी एका मृत्यूनंतर भरली गेली. २०१६ मध्ये १५ वर्षांच्या नताशा एडनन-लापेरूस हिचा तीळ मिसळलेला पाव खाऊन मृत्यू झाला. दुकानातच बांधलेल्या त्या पाकिटावर तिळाचा उल्लेख नव्हता. १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या ‘नताशा कायद्या’ने अशा पदार्थांवरही घटकांची पूर्ण यादी सक्तीची केली. नियमांचे उलटे परिणामही होतात, हे अमेरिकेने दाखवून दिले. तिळाची घोषणा सक्तीची होताच काही बेकऱ्यांनी संसर्ग टाळण्याचा खर्च वाचवण्यासाठी पावात मुद्दाम तीळ घालून ‘यात तीळ आहेत’ असे छापणे पसंत केले. नियम पाळला गेला, पण तिळाची अॅलर्जी असणाऱ्यांचे पर्याय घटले. म्हणजे यादी वाढवताना कारखान्यातील स्वच्छतेचे निकषही सोबत यायला हवेत.

राज्याच्या हाती काय आहे?

लेबलांचे नियम केंद्राचे असले तरी अंमलबजावणी राज्याच्या यंत्रणेकडे आहे. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५२ नुसार चुकीचे वा अपुरे लेबल असलेल्या अन्नासाठी तीन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. भेसळीचे नमुने तपासण्याबरोबर गोव्यातील अन्न व औषध प्रशासनाने ‘यात आहे’ ही ओळ तपासण्याची मोहीम घेतली, तर स्थानिक मसाले, लोणची आणि काजूच्या पदार्थांवरील उणिवा लवकर उघड होतील. महिला स्वयंसाहाय्य गटांना दंडापेक्षा मार्गदर्शनाची गरज अधिक आहे. देवनागरीत छापलेला नमुना-लेबल त्यांच्या हाती दिला तर अर्धे काम होईल.

शॅक व उपाहारगृहांसाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. कोणत्या पदार्थात कोळंबी, तिसऱ्या, काजू, शेंगदाणे, दूध, अंडी आहेत याचा एक पानी तक्ता स्वयंपाकघरात लावणे आणि विचारणाऱ्याला ‘माहीत नाही’ हे उत्तर देण्याचे धैर्य वाढप्याला देणे एवढे पुरेसे आहे. ‘नाही हो, काही नाही त्यात’ हे आदरातिथ्यापोटी दिलेले उत्तर सर्वांत घातक ठरते. देशोदेशीचे पर्यटक येणाऱ्या राज्यात ही केवळ आरोग्याची बाब राहत नाही, व्यवसायाचीही होते.

उपचारांची बाजू याहून निकडीची आहे. तीव्र प्रतिक्रियेत घसा आवळतो, श्वास घरघरतो, रक्तदाब कोसळतो. अशा वेळी पहिले औषध म्हणजे मांडीच्या स्नायूत दिलेले अॅड्रेनलिन. खाजेची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. स्वतःच टोचून घेता येणारी अॅड्रेनलिनची पेन-इंजेक्शने भारतात सहज मिळत नाहीत. त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि १०८ च्या रुग्णवाहिकेत हे औषध असणे व ते विनाविलंब दिले जाणे यावरच रुग्णाचा जीव अवलंबून राहतो. मद्य, वेदनाशामक गोळी किंवा जेवणानंतरचा व्यायाम यांमुळे काही प्रौढांमध्ये प्रतिक्रिया अधिक तीव्र होते, हेही डॉक्टरांनी रुग्णांना आवर्जून सांगायला हवे.

अॅलर्जी असणाऱ्या प्रौढाने प्रत्येक खरेदीच्या वेळी लेबल नव्याने वाचावे, कारण नेहमीच्या पदार्थाचे घटक उत्पादक कधीही बदलू शकतो. निदान तज्ज्ञाकडून करून घ्यावे आणि घरातल्यांना व सहकाऱ्यांना त्याची कल्पना द्यावी. ही शिस्त त्याची जबाबदारी आहे. पण जे छापलेलेच नाही ते वाचण्याची अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही. साखर आणि मिठाच्या इशाऱ्यांसाठी नियम पुन्हा उघडले जात असताना मोहरी, तीळ आणि तिसऱ्या-शिणाण्यांना यादीत स्थान मिळावे, यासाठी किनारपट्टीच्या या राज्याने केंद्राकडे आग्रह धरायला हवा. लेबलाच्या फेररचनेची अशी संधी वारंवार येत नाही.